धुरातलं पाणी

३ जुलै २००७

आजपासून पुन्हा लिहायचं ठरवलंय. एम.एस्सी.ला असताना लिहीत होते, मग सुटलं. पीएच.डी.चं तिसरं वर्ष लागलं आणि दिवसभर बोलायला नळ्या आणि सिलिंडर, म्हणून ही वही.

बातमी चांगली आहे. पुण्याच्या परिषदेत आमचा निबंध घेतलाय. जानेवारीत वाचायचा आहे. विषय असा, की कारखान्याच्या चिमणीतून जाणाऱ्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून ठेवायला कुठला सच्छिद्र पदार्थ चांगला. आम्ही तीन पदार्थांची तुलना करतोय. एक बाजारात मिळणारं झिओलाइट नावाचं खनिज, दुसरा बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चिपाडापासून, मी स्वतः भाजून केलेला कोळसा आणि तिसरे माझे मार्गदर्शक शिवप्रसाद सर यांचे निळे स्फटिक. तांबं आणि सेंद्रिय आम्ल यांच्यापासून सरांनी ते बनवलेत, त्यात त्यांची कितीतरी वर्षं गेलीत. डिपार्टमेंटमध्ये त्याला सगळे ‘सरांचं निळं’च म्हणतात. आत्तापर्यंत तेच पुढं आहे. वायू भरपूर धरतं आणि थोडं तापवलं की लगेच सोडतं.

आईला फोनवर सांगितलं, की स्पंज पाणी धरतो तसे हे वायू धरतात.

“आनि पिळायचं कसं?” आई म्हणाली.

“तापवून.”

“मग बरं हाय.”

माझा विषय इतक्या लवकर अजून कुणाला कळला नव्हता.

१४ जुलै

दोन दिवस गगनबावड्याला घरी जाऊन आले. तिथं या दिवसांत काडेपेटी पेटत नाही, पापड मऊ पडतात आणि चादरीला वास येतो. पप्पा म्हणाले, “ढग घरात येतात, चहा घेतात आनि जातात.”

कोल्हापूरला परत येऊन लॅबमध्ये निळ्या स्फटिकांचं वजन करायला बसले, तर काटा थांबेचना. मी काही न करता वजन वाढतच होतं. काटा बिघडला म्हणून संग्रामला बोलावलं. तो माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो, सरांकडंच. त्यानं दुसरं वजन ठेवून बघितलं, काटा बरोबर होता. म्हणजे पावडरच हवेतलं पाणी पीत होती. तेवढ्यात रंगाकडं लक्ष गेलं. बंद बाटलीतली पावडर दौतीच्या शाईसारखी गडद निळी आणि उघड्या बशीतली फिक्या आकाशी रंगाची.

कोळशाचं वजन जवळजवळ होतं तिथंच होतं.

१६ जुलै

बाटली आणि बशी घेऊन सरांकडं गेले. त्यांनी दोन्ही खिडकीपाशी नेऊन बघितलं. खूप वेळ बघितलं.

“गडदच आहेत की दोन्ही.”

“सर, बशीतले फिके झालेत. पाणी पितायत ते.”

“उजेडाचा फरक असेल,” असं म्हणून त्यांनी बशी माझ्या हातात न देता टेबलाच्या अगदी काठावर ठेवली. मी धरली म्हणून बरं, नाहीतर पडली असती.

रस्त्यानं जाणाऱ्याला दाखवलं तरी त्यानं सांगितलं असतं की हे दोन वेगळे निळे आहेत. सरांना बघायचंच नाही. आयुष्यभराचं काम आहे, मला कळतं. पण मग तुलना कशाला करायची?

२५ जुलै

आता नवीनच सुरू झालंय. पूर्वी सर माझ्या हातातून कागद ओढून घ्यायचे आणि लाल पेनानं खुणा करायचे. हल्ली म्हणतात, “वाच.” मी सगळे आकडे मोठ्यानं वाचते, ते डोळे मिटून ऐकतात. मग म्हणतात, “पुन्हा वाच.” शाळेत पाढे म्हणून घ्यायचे तसं.

बाहेर आल्यावर संग्राम म्हणाला, “तुझ्यावर इस्वास न्हाय त्येंचा. कुठं चुकतीस ते बघाय लागल्यात.”

“तुझ्याकडनं वाचून घेतात?”

“माझ्याकडं आकडं असत्यात व्हय वाचायला?” तो हसला. मला हसू आलं नाही.

८ ऑगस्ट

जे करायचं होतं ते केलं. आत्तापर्यंत आम्ही कोरडा वायू सोडत होतो. सिलिंडरमधला, स्वच्छ. पण खरा धूर कोरडा असतो का? साखर कारखान्यात बगॅस जाळतात, आणि बगॅस निम्मा पाण्यानंच भिजलेला असतो. त्या धुरात वाफ भरलेली असणारच. म्हणून वायू आधी पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत नेला आणि मग नळीतल्या पदार्थावर सोडला.

झिओलाइटनं पाणीच भरून घेतलं, कार्बन डायऑक्साइडला जागाच उरली नाही. सरांचं निळं पहिल्या खेपेला बरं चाललं, मग प्रत्येक खेपेला कमी कमी. शेवटी नळीतून काढलं तर फिकट गोळे झालेले. माझा कोळसा तिघांत कोरड्या वायूला सगळ्यात कमी धरणारा. पण जेवढं काल धरलं तेवढंच आज धरलं. ओल्या वायूत तो बिचारा बसून राहिला आणि काम करत राहिला.

क्षणभर आनंद झाला. मग गोषवारा आठवला. पुण्याला गेलेल्या गोषवाऱ्यात स्पष्ट लिहिलंय की चिमणीच्या धुरासाठी निळे स्फटिक सगळ्यात योग्य. पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं.

आलेख काढून सरांच्या टेबलावर ठेवलाय. तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. आलेख बघितला की कळेलच. निळी रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेलीय.

१० ऑगस्ट

सर म्हणाले, “आलेख छान आहे.”

बस्स. छान! मी बराच वेळ दारात उभी राहिले, ते पुढं काही बोलतील म्हणून. त्यांनी टेबलावर चाचपडत चष्म्याचं घर शोधलं, चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. मी निघून आले.

१९ ऑगस्ट

आज राजारामपुरीत झेरॉक्स काढायला गेले होते. समोरून सर आले, छत्री घेऊन, फुटपाथच्या कडेकडेनं. मी म्हटलं, “नमस्कार सर.” एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. त्यांनी माझ्या तोंडाकडं सरळ बघितलं आणि पुढं निघून गेले. ओळखसुद्धा दाखवली नाही.

मनात आलं ते लिहूनच टाकते, कुणाला सांगण्यासारखं नाही. पप्पा नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात त्यांचा चहाचा कप वेगळा असायचा. ते हसत सांगतात, मला कधी हसू येत नाही. सरांच्या बाबतीत असलं काही कधी मनात आलं नव्हतं. त्यांच्या घरी मी जेवलेय. काकूंनी शेजारी बसवून वाढलंय. मला रिसर्चला घेताना सरांनी माझे मार्क बघितले आणि आडनाव विचारलंही नाही. मग आता काय झालं? की हे आधीपासूनच होतं आणि मलाच दिसलं नाही?

असं वाटून घ्यायची लाज वाटते. न वाटून घ्यायची भीती वाटते.

४ सप्टेंबर

अक्षर वाकडं येतंय.

सर आज स्वतः लॅबमध्ये आले. म्हणाले, “बरेच दिवस झाले, मीच लावतो गॅस.” सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवायला लागले. दाबाचा काटा लाल रेघेकडं चालला. मला वाटलं आता थांबतील. थांबले नाहीत. मी ओरडले, “सर, काटा!” त्यांनी वाकून काट्याजवळ तोंड नेलं, आणि तेवढ्यात काचेची नळी फुटली.

एक तुकडा माझ्या कपाळाला लागला. सगळीकडं निळी पावडर, सरांचा शर्ट निळा. संग्राम पळत आला आणि त्यानं सिलिंडर बंद केला. सर हात पुढं करून उभे होते. “लागलं का तुला? संघप्रिया? कुठं आहेस तू?” मी त्यांच्या पुढ्यातच होते. घाबरून गेले असतील. मग भिंतीला धरून निघून गेले.

संग्राम मला दवाखान्यात घेऊन गेला. जखम खोल नाही. डॉक्टर म्हणाले डोळा थोडक्यात वाचला.

“डोस्कं फिरलंय त्येंचं,” संग्राम म्हणाला. “निळं चालंना म्हटल्यावर सगळा राग मशीनवर काढाय लागल्यात.”

५ सप्टेंबर

सोडून द्यावं असं वाटतंय. बी.एड. करून कुठंतरी शाळेत लागता येईल. आईला फोन केला. कपाळाचं सांगितलं नाही, बाकीचं सांगितलं.

आई म्हणाली, “सोडायचं तर सोड. पर त्येंच्या म्होरं बसून सांग, मला ह्ये असं असं दिसलं म्हनून. तोंड चुकवून घरी येऊ नगंस. हितं आलीस तरी त्येच डोस्क्यात घेऊन बसशील.”

“आणि ते रागावले तर?”

“तर रागावतील की. तू काय चोरी केलीयास व्हय?”

७ सप्टेंबर

सरांच्या घरून आले. लिहायला कुठून सुरुवात करू कळत नाही. सगळं उलटंच निघालं.

मंगळवार पेठेत गेले तेव्हा दार काकूंनी उघडलं. “बा अव्वा, ये आत,” त्यांच्या कानडी वळणानं म्हणाल्या आणि माझ्या कपाळाची पट्टी बघून तिथंच रडायला लागल्या. आत सर खुर्चीत बसले होते. रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

मी पाठ करून गेले होते ते एका दमात बोलून टाकलं. की सर, ओल्या धुरात निळे स्फटिक टिकत नाहीत. मी चारचारदा करून बघितलं. गोषवाऱ्यात लिहिलंय ते चुकीचं आहे. आलेख महिन्याभरापूर्वी तुमच्या टेबलावर ठेवला होता. तुम्ही छान म्हणालात. तुमचा माझ्यावर विश्वास नसेल तर मी जाते, पण हे खोटं मी पुण्यात वाचणार नाही.

सर खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, “निळी रेघ खाली गेली होती?”

“हो सर. एकदम खाली.”

“मला रेघ दिसली नाही.”

मला वाटलं हा टोमणा आहे. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात आतून काकू जोरात म्हणाल्या, “सांगा की आता तरी! त्या लेकराचा डोळा जाता जाता राहिलाय.”

“मला दिसत नाही, संघप्रिया,” सर म्हणाले. “म्हणजे दिसतं, पण दुधाच्या पातेल्यातून बघितल्यासारखं. आता तू समोर बसलीयेस, तर तू आहेस एवढं कळतं. पट्टी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं.”

मी विचारलं, “मग ऑपरेशन?”

“माझ्या वडलांचा डोळा ऑपरेशनमध्येच गेला. एकाच डोळ्यानं दिसत होतं, हसत गेले होते, तोही पांढरा होऊन परत आला. मी दहावीत होतो.” ते थांबले. “आणि डिपार्टमेंटला कळलं असतं तर तुम्हाला दोघांना दुसऱ्याकडं दिलं असतं. म्हटलं, संघप्रियाचं होईपर्यंत ढकलू. ढकलता ढकलता नळी फोडली.”

“राजारामपुरीत मी नमस्कार केला होता, सर. छत्री होती तुमच्याकडं.”

त्यांचा चेहरा पडला. “तू होतीस? आवाज आला होता. रिक्षाच्या हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही नीट. मग कुणाला म्हणून हात करणार?”

मी काय काय समजून बसले होते ते सांगितलं नाही. पण त्यांना काहीतरी कळलं असावं. मग म्हणाले, “तुझा आलेख मी बघितलाच नव्हता. तरी छान म्हणालो. तू केलेलं छानच असतं म्हणून. आकडे तुझ्याकडूनच वाचून घेत होतो, संग्रामकडून नाही. तो मधले गाळतो.”

मला रडू आलं आणि हसूही आलं. काकूंनी भाकरी वाढली. जेवताना सर म्हणाले, “पाणी. धुरात पाणी असतं हे मला कळायला नको होतं? बगॅस जळताना लहानपणापासून बघतोय. कोरड्या वायूवर वर्षं घातली.” बोलताना आवाज दुखावलेला होता, पण माझ्यावर राग नव्हता. जराही नव्हता.

८ सप्टेंबर

उन्हं वर येईपर्यंत झोपले. खोलीतल्या मैत्रिणीनं हलवून उठवलं, मला ताप आलाय असं तिला वाटलं. ताप नव्हता.

२१ सप्टेंबर

पुण्याला मेल गेला. सर सांगत होते, मी टाइप करत होते. शीर्षक बदललं. आता ते ‘ओल्या धुरात सच्छिद्र पदार्थांची तुलना’ असं आहे. निष्कर्षही बदलला. “पहिलं नाव तुझं घाल,” सर म्हणाले. मी नको म्हटलं. “टाइप तू करतीयेस खरं. पण शब्द माझे आहेत. घाल.”

आयोजकांचं संध्याकाळीच उत्तर आलं, बदल मान्य आहे म्हणून. इतके दिवस ज्याची भीती वाटत होती ते एका ओळीत संपलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात काकू आणि मी सरांना घेऊन गेलो. सरांच्या रक्तातली साखर आटोक्यात आहे, ऑपरेशन करता येईल. डॉक्टरांनी सरांना समजावलं की वडलांच्या वेळचं ऑपरेशन आता राहिलेलं नाही. सर लहान मुलासारखे मान हलवत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “पुढच्या वर्षी करू.” काकूंनी तशाच आत परत जाऊन तारीख घेतली.

संग्राम आज माझ्यासाठी स्टीलची नळी करून घेऊन आला, उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून. “ही फुटत न्हाय,” म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, “मी बी काय काय बोललो बघ सरांबद्दल.”

“मी पण.”

“तू कुठं बोललीस?”

“लिहिलं.”

२९ सप्टेंबर

काल उजव्या डोळ्याचं झालं, आज पट्टी काढली. काकू, संग्राम आणि मी दवाखान्यात उभे. मला वाटत होतं काहीतरी होणार. काकू डोळे मिटून पुटपुटत होत्या.

सरांनी आधी भिंतीकडं बघितलं. मग नर्सकडं. मग काकूंकडं बघून म्हणाले, “केस पिकले की गं तुझे.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. सगळा वॉर्ड हसायला लागला. मी बाकावर बसले. सरांनी माझ्याकडं मान वळवली. कपाळावरचा व्रण त्यांनी नीट बघितला. मीच म्हटलं, “जातोय तो सर. हळूहळू.”

१८ डिसेंबर

पन्हाळ्याच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात तीन दिवस होते. उसाचं गाळप जोरात चाललंय. तिथले केमिस्ट कृष्णात यांनी चिमणीकडं जाणाऱ्या धुराच्या वाटेवर आम्हाला एक छोटा नळ काढून दिला. त्या धुरातली राख गाळून, धूर थंड करून आमच्या नळीत आणायचा. मोठा, मोकळा माणूस. मशीनच्या आवाजात सगळं ओरडूनच बोलायचं.

“ताई, ह्यो कोळसा आमच्याच बगॅसचा न्हवं?”

“हो, तुमच्याच.”

“म्हंजे आमचाच धूर आमचाच कोळसा धरनार! मग बाकीचं कशाला आनलंय?”

“तुलना करायला.”

“करा, करा. कारखान्यात रोज तीच चाललीया, ह्या पाळीचं गाळप जास्त का त्या पाळीचं!”

सरही माझ्यासोबत होते. लोखंडी जिना चढताना मी हात पुढं केला, तर “आता दिसतंय मला” म्हणाले आणि माझ्या आधी वर पोचले. डाव्या डोळ्याचं फेब्रुवारीत आहे.

खऱ्या धुरात कोळसा टिकला. फार धरतो असं नाही. लॅबपेक्षा थोडं कमीच धरलं. पण तापवला, रिकामा केला, पुन्हा लावला, तरी तेवढंच. तिसऱ्या दिवशी आकडे बघताना सरांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. खूप बरं वाटलं.

निळे स्फटिकही लावून बघितले, सरांच्याच आग्रहानं. दुपारपर्यंत निकामी झाले. सरांनी नळी उघडून ते गोळे बोटांनी चुरगाळले. “कोरड्या वायूला चालतील कुठंतरी,” म्हणाले. “टाकून द्यायचे नाहीत.” येताना गाडीत ते खिडकीतून उसाकडं बघत बसले होते. एकदाच म्हणाले, “वाईट वाटतंय. पण हलकंही वाटतंय.”

१२ जानेवारी २००८, पुणे

झालं. वाचून झालं.

सभागृह मोठं होतं. सुरुवातीला माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग वाफेचा भाग आला आणि सगळं आपोआप येत गेलं, कारण ते मी रोज करत होते.

प्रश्नांच्या वेळी पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. मोठ्या संस्थेतले असावेत, सगळे त्यांच्याकडं वळून बघत होते. हसत म्हणाले, “तुमच्या मार्गदर्शकांचे स्फटिक आम्ही सगळे ओळखतो. आणि त्यांचीच विद्यार्थिनी सांगते की ते निकामी, उसाचा कोळसा बरा! शिवप्रसादांना काय वाटलं हो यावर?”

लोक हसले. याचं उत्तर मी कसं देणार?

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठले होते. माईकसाठी थांबले नाहीत, कोल्हापूरचाच आवाज काढला.

“मी हितंच हाय की पावणं, मला विचारा. चिमणीतनं वाफ येतीया हे मी विसरलोतो. तुम्ही बी विसरलात, न्हायतर मागंच विचारलं असतं. ही विसरली न्हाय. मला बरं वाटलं.”

आणि खाली बसले.

आता कुणी हसलं नाही. तो पुढच्या रांगेतला माणूसही मान हलवून बसला. मग डाव्या बाजूनं एका मुलीनं हात वर केला. माझ्याच वयाची असेल. तिनं विचारलं, कोळसा किती वेळा तापवून वापरला तरी चालतो, आणि राखेनं त्याची छिद्रं बुजत नाहीत का?

राखेचं अजून आम्हाला नीट माहीत नाही, मी म्हणाले. पुढच्या गाळपात बघणार आहोत. आणि तापवण्याचं सांगायला लागले. ते मला येत होतं.